आकार तुटू द्यायचा नाय

चाचणीच्या दिवशी मी सगळ्यात आधी बसायला जागा कुठं हाय ते बघितलं. गाण्याचं नंतर. संगीत विभागाच्या दारापाशी पायऱ्या हायत, तिथं टेकले. छावणीतल्या आमच्या घरापासून शेअर रिक्षा, मग विद्यापीठाच्या गेटपासून आत पायी, थोडा चढ हाय, आन मला त्या दिवसांत कपडे वाळत घालताना बी धाप लागायची. सिझर झालेलं, पोरगी अजून बसायला बी लागली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी हाय, गोळ्या घे. गोळ्या घेतल्या की मळमळायचं, नाय घेतल्या की डोळ्यापुढं अंधारी. झोप तर विचारूच नका.

माझं शिक्षण अर्धवट. बारावीचा निकाल लागला तेव्हा मी सासरी भाकरी थापत होते. बी.ए.ला नाव मालकांनी घातलं, माझ्या नवऱ्यानं. ते वाळूजला कंपनीत शिफ्टला जातात, तिथं सगळ्यांच्या बायका शिकलेल्या, म्हणून त्यांना वाटायचं आपली बी असावी. पण मी कॉलेजात परीक्षेपुरतीच जायचे, चेहऱ्यानं कोणाला ओळखत नव्हते. एकदा फॉर्म भरायला गेले तर तिथल्या बाईंनी सांगितलं, विद्यापीठाचा गानवृंद निवडायचाय, कोणत्या बी कॉलेजची पोरं चालतात, चाचणी घेतात. गानवृंद म्हणजे काय तेच मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, सगळ्यांनी मिळून एकच गाणं म्हणायचं. मला वाटलं, आमच्या पाचोडकडं हळदीला बाया म्हणतात तसं असंल. ते तर मला येतं.

खरं सांगायचं तर गाण्यासाठी गेलेच नाय. मला अशा ठिकाणी उभं राहायचं होतं जिथं थोडा वेळ मला कोणी हाक मारणार नाय.

आत सर पेटीपुढं आमच्याकडं पाठ करून बसले होते. तोंड बघून निवडलं असं कोणी म्हणू नये म्हणून ते चाचणीला पाठच करतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, माझ्यावर रागावले का काय. त्यांनी पेटीवर काहीबाही वाजवलं आन म्हणाले, म्हण. मला सा-रे-ग काय येत नाय, पण वाजवलं ते तसंच म्हणून दाखवलं. मग त्यांनी एक सूर दिला आन हात वर करून ठेवला, हात खाली येईपर्यंत धरायचा. त्यांचा हात वरच आन माझा श्वास संपला. परत धरला, परत संपला. तेव्हा ते वळले. मी एकटीच साडीत, पोट बांधलेलं, घामाघूम.

"आवाज आहे, दम नाही," सर म्हणाले. "महिनाभर ये. मग पुन्हा चाचणी होईल. तेव्हा निम्मेच ठेवणार आहे."

म्हणजे मला घेतलं बी आन नाय बी.

घरी सांगितलं तर मालक म्हणाले, आई पोरीला सांभाळत असंल तर जा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, जाऊ दे, तेवढीच तिच्या तोंडावर तरतरी येईल. तरतरी काय आली नाय. पहाटे उठून डबा, पोरीचं तेल-पाणी, भांडी, मग दुपारी पळत रिक्षा. रिक्षात डोळा लागायचा आन गेटच्या पुढं जायचे, मग मागं चालत यायचे, आन गेल्या गेल्या सर म्हणायचे, उभे राहा.

तिथली पोरं-पोरी सगळी होस्टेलची नायतर शहरातली. माझ्या साडीवरून एका पोरानं मला काकू म्हणायला सुरुवात केली, मग सगळेच म्हणायला लागले. मी त्यांच्यापेक्षा मोठी नव्हते, दोघी-तिघी तर माझ्याहून मोठ्या निघाल्या असत्या. पण कोण सांगत बसणार. तबल्यावर बसणारा मुलगा तेवढा आपा म्हणायचा, म्हणजे ताई. मी घाबरले की तो तबल्यावर हातोडी ठोकता ठोकता म्हणायचा, "आपा, नक्को डरो, सर खाते नई." माझ्या डाव्या बाजूला लासूर स्टेशनची एक पोरगी उभी राहायची, होस्टेलला राहणारी, बारीक, चष्मा लावणारी, पण आवाज असा की भिंतीला टेकावं तसं त्याला टेकावं. तिनं मला कधी काकू म्हटलं नाय. ती मला काहीच म्हणायची नाय, नुसती, "ए, सरक इकडं."

आमच्या गाण्याच्या शेवटी एक लांब आकार होता. आ म्हणायचं आन धरूनच ठेवायचं. एवढा लांब की एका माणसाच्या छातीत तेवढा वारा मावणारच नाय. मी म्हटलं, हे कोणाला जमतं. सर म्हणाले, एकालाही जमत नाही, म्हणून तर सगळे. मग त्यांनी प्रत्येकाला श्वासाचा नंबर दिला. एकानं श्वास घेतला तर शेजारच्यानं त्या वेळी घ्यायचा नाय, धरून ठेवायचं. त्याचा झाला की मग दुसऱ्यानं. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे कोणी श्वास घेतलाच नाय. आकार तुटू द्यायचा नाय, एवढंच ते सारखं सांगायचे.

आन अजून एक. दम संपला तर ओढायचं नाय, गप थांबायचं. बाकीचे हायत. दम आला की हळूच आत यायचं, दार न वाजवता, असं सर म्हणायचे.

मला ते थांबणं जमायचं नाय. माझा नंबर यायच्या आतच दम संपायचा, पण मी ओढत राहायचे, आवाज फाटायचा, सर पेटी थांबवायचे. सगळे माझ्याकडं बघायचे. मला भ्याव वाटायचं, मी थांबले आन सगळंच थांबलं तर? घरी तसंच होतं ना. मी बसले की दूध उतू जातं, पोरगी रडती, मालकांचा डबा राहतो. लासूरची पोरगी एकदा वैतागून म्हणाली, "तू थांब ना बाई. मी हाय ना इथं. का मी दिसत नाय तुला?"

महिना तसाच गेला. दम थोडा वाढला का नाय मला सांगता येणार नाय. दमणं मात्र वाढलं. एकदा तर वाटलं, आपणच सांगावं नाय जमत म्हणून. पण दुपार झाली की पाय आपोआप चपला शोधायचे.

पक्क्या चाचणीच्या आदल्या दिवशी आत्याबाईंना पाचोडला जावं लागलं, त्यांची बहीण आजारी पडली. मालकांची दिवसपाळी. घरी राहिले मामा. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मी म्हटलं, झालं, गेली आपली चाचणी. पण सकाळी मालक जाताना म्हणाले, आबा, म्हणजे मामाच, म्हणतायत ते बघतील पोरीला, तू जाऊन ये.

मामा तसे गरीब माणूस. पण आमच्याकडं सासऱ्यासमोर सून मोठ्यानं बोलत नाय. बोलली तर कोणी मारत नाय, पण बोलत नाय. डोक्यावर पदर, मान खाली. मामा बी कधी एकदम घरात शिरणार नायत, दारात उभं राहून आधी खाकरणार, म्हणजे आत सून असंल तर तिनं पदर घ्यावा. दिवसातून कितींदा तरी ते खाकरणं ऐकते मी. ते ऐकलं की हातातलं काय बी असू दे, एक हात डोक्याकडं जातो आन बोलणं बंद होतं. आत्याबाईंशी भांडत असले तरी बंद. मामा मला हाक बी मारत नायत. काय सांगायचं तर पोरीला सांगतात, मी ऐकायचं. लग्न झाल्यापासून त्यांनी माझा आवाज नीट ऐकलाच नसंल.

पोरीला पाजून, बाटलीत दूध भरून ठेवून मी गेले. बाटली तिनं आधी कधी तोंडात घेतली नव्हती, पण मी मनाला म्हटलं, भूक लागली की घेईल.

चाचणी सहा-सहा जणांची होती. सर पाठ करून बसले. लासूरची पोरगी माझ्या डाव्या बाजूला, नेहमीसारखी. ऊन इतकं होतं की दार उघडं ठेवलेलं. गाणं नीट झालं. मधल्या ओळी मला कधीच अवघड गेल्या नायत. मग तो आकार आला. धरला. माझ्या नंबरला श्वास घेतला, म्हटलं, निघालं आज, आता शेवटपर्यंत नेते.

आन दारात कोणीतरी खाकरलं.

मी बघितलं बी नाय. हात आपोआप डोक्यावर गेला, पदर आला, मान खाली, तोंड बंद. विद्यापीठात, सरांच्या चाचणीत, सगळ्या पोरांमधी मी सून होऊन उभी राहिले. मग पोरीचं रडणं ऐकू आलं. बाटली घेतली नव्हती तिनं. मामा तिला घेऊन रिक्षानं आले होते, विचारत विचारत. आन दाराशी आल्यावर करणार काय, सुनेला हाक मारायची नाय, म्हणून जे घरी करतात तेच केलं.

मला वाटलं संपलं सगळं. पण आकार चालूच होता. मी गप आन आकार चालूच. लासूरच्या पोरीनं माझ्याकडं बघितलं बी नाय, नुसता तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला आन तिचा आवाज जरा रुंद झाला, जणू माझ्या जागेवर बी तीच उभी राहिली. पलीकडचा पोरगा, तोच काकू म्हणणारा, त्यानं बी धरून ठेवलं. माझ्याशिवाय ते चाललं होतं. मी उभी राहून ऐकत होते. किती दिवसांत मी अशी नुसती उभी राहिले नव्हते. छातीत वारा भरत गेला, ओढावा लागला नाय.

पदराच्या काठाखालून बघितलं तर दारात मामा नव्हते. ते मागं सरकले होते. पायरीवर बसले होते, आमच्याकडं पाठ करून, जशी सरांची पाठ तशीच त्यांची. पोरीला खांद्यावर घेऊन थापटत होते. आता समोर कोणीच बघणारं नव्हतं. दोन म्हाताऱ्या पाठी नुसत्या.

मी हळूच आत गेले, म्हणजे आवाजात. कधी गेले ते मला बी कळलं नाय. सरांचा हात खाली आला तेव्हा मी गात होते.

सर वळले. म्हणाले, "मधे कोण थांबलं?"

लासूरची पोरगी जमिनीकडं बघायला लागली. मी हात वर केला. डोक्यावर पदर तसाच.

"थांबलीस ते कळलं. आवाज पातळ झाला. परत कुठे आलीस?"

मी म्हटलं, "मला नाय सांगता येणार सर. आले."

"मलाही नाही सांगता येणार," सर म्हणाले. मग पेटीचा भाता बंद केला आन बाहेरच्या रडण्याकडं बोट केलं. "तुझंच ना ते? जा आधी. आणि उद्यापासून सकाळी सातला."

कोणीतरी हळूच म्हणालं, काकूंना ठेवलं. तबलजी हसला. आनंद व्हायला पाहिजे होता, झाला बी असंल, पण मला पहिल्यांदा ऐकू आलं ते सात. सातला इथं म्हणजे घरात कितीला उठायचं, डबा कधी, पाणी कधी भरायचं, हे सगळं डोक्यात एकदम चालू झालं.

दारामागच्या कोपऱ्यात बसून पोरीला पाजलं. लासूरची पोरगी तिची ओढणी धरून पुढं उभी राहिली, तोंड भिंतीकडं, आन कोणाला तरी फोनवर मेसच्या भाजीला शिव्या देत होती.

परत जाताना रिक्षात मामा पुढं ड्रायव्हरजवळ बसले, मी मागं. रिक्षा सुरू झाली तसा त्यांनी पोरीला माझ्याकडून मागून घेतलं, हात मागं करून, न बघता. तिला मांडीवर घेतलं. गेटच्या बाहेर आल्यावर ते पोरीला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, तिथं झाड हाय मोठं. उद्यापासून आपण दोघं त्या झाडाखाली बसत जाऊ. दारापर्यंत येणार नाय मी. खोकला आला तर आवरीन."

मी पदर नीट केला. काहीतरी म्हणायला पाहिजे होतं, व्हय म्हणायला पाहिजे होतं. पण पोरगी त्यांच्याकडं होती, रडत नव्हती, आन माझे दोन्ही हात मोकळे होते. रिक्षाच्या दांडीला डोकं टेकलं. छावणी कधी आली मला कळलं नाय. रिक्षा थांबली, ड्रायव्हर म्हणाला, उतरा. मामा त्याला म्हणत होते, थांब जरा, झोपू दे तिला.