देवळात न पोचलेली नागम्मा

नर्सचं शिक्षण संपवून मी सोलापूरच्या दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा नेमकी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ सुरू होती. मी मूळची वैरागची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि थोरल्या भावाने भावकीचा रोष पत्करून मला या शिक्षणाला घातलं. ‘परक्यांची अंगं पुसायला बहीण धाडली’ असं लोक त्याला तोंडावर म्हणत; तरी तो मागे हटला नाही. त्यामुळे कितीही काम पडलं तरी हूं की चूं करायचं नाही, असं मनाशी ठरवूनच मी आले होते.

पण साथ वाढत गेली. माझ्याबरोबरच्या दोघी नर्सबाया आजारी पडल्या, एक घाबरून माहेरी गेली. कामाची पाळी संपली की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मेट्रन, दारात येऊन म्हणत, “आजचा दिवस थांबतेस ना गं?” त्यांचेही डोळे तारवटलेले असत, नाही म्हणवत नसे. असा ‘आजचा दिवस’ रोजच उजाडायचा. पाय सुजले. हातात घास घेऊन मी पेंगू लागले. लहानपणापासून जप करणारी मी, पण माळ हातात घेतली की नाम ओठांवर यायच्या आत डोळा लागे. आधी त्याचं फार वाईट वाटायचं. मग वाईट वाटणंही थांबलं, आणि त्याची मात्र मला भीती वाटली.

एका सकाळी कामावर जाताना सिद्धेश्वराच्या तळ्याशी थांबले. गाभाऱ्यापर्यंत जायला सवड नव्हती. पायरीवरूनच हात जोडले आणि म्हटलं, “देवा, बळ तरी दे, नाहीतर मोकळं कर. आज मी मोठ्या बाईंना सांगून वैरागला परत जाणार.” खरं सांगायचं तर कुणी ऐकतंय असं काही वाटलं नाही.

त्या दिवशी सांगोल्याकडची एक धनगरीण वॉर्डात आली. तिचा नवरा तान्हं लेकरू उराशी धरून बाहेर लिंबाखाली बसला होता. “बाई, वाचंल न्हवं ती? पोर लई ल्हान हाय,” तो म्हणाला. “देव आहे,” मी म्हटलं. सवयीने म्हटलं, एवढंच. तिला घोटघोट पाणी पाजत राहायचं आणि नाडीवर लक्ष ठेवायचं होतं. पण खाटा भरलेल्या, जमिनीवरही माणसं, आणि सगळ्यांना मी एकटी. दुपारी तिच्याजवळ वाटी घेऊन टेकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यापुढचं काही आठवत नाही.

जागी झाले ती कुणीतरी खांदा गदागदा हलवत होतं म्हणून. “अम्मा, ऊठ, ऊठ! ती बाई डोळे फिरवतीया!”

धडपडत नाडी धरली. ती हाताला लागेना. मी ओरडूनच डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी शिरेतून मिठाचं पाणी चढवायला घेतलं. मला उठवणारी बाई धनगरिणीचे गार पडलेले तळपाय मांडीवर घेऊन चोळत बसली. दिवस कलताना धनगरिणीला लघवी झाली. पटकीत त्याहून चांगलं लक्षण नाही. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि पुटपुटली, “माजं पोर कुटं हाय?”

तेव्हा कुठे मी त्या बाईकडे नीट पाहिलं. विणकरांच्या गल्लीतली नागम्मा. तिचा मुलगा आमच्याच वॉर्डातून बरा होऊन घरी गेला होता. शेजारी तिची परडी होती, तीत नारळ आणि फुलं.

“तुम्ही इथं कशा?” मी विचारलं.

“पोरगा बरा झाला म्हणून देवळाला निघाली होती,” ती तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली. “दवाखान्याच्या फाटकापाशी पाय पुढं जाईना. मनात आलं, ती बारकी नर्सबाई जेवली का न्हाय, बघून जाऊ.” मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, “माग काय एकट्यानं चालतो का गं अम्मा? मी सुताच्या कांड्या भरते तवा माझा मालक विणतो. उद्या जाऊबाईला घेऊन येते.”

संध्याकाळी मोठ्या बाई दारात आल्या. मी पहिल्यांदाच म्हणाले, “बाई, आज मला झोपू द्या. नाहीतर माझ्यासमोर कुणीतरी जाईल.” वाटलं, आता रागावतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “जा पोरी. मी थांबते.”

नागम्मा खरंच आली. जावेला आणि शेजारणींनाही घेऊन आली. लाल औषधाच्या पाण्यात हात कसे धुवायचे, हे मी त्यांना शिकवलं. पाणी पाजणं, वारा घालणं, चादरी उकळणं त्यांनी अंगावर घेतलं आणि मला रोजची झोप मिळू लागली. धनगरीण लेकराला कडेवर घेऊन चालत घरी गेली. साथ ओसरली आणि वैरागला परत जायचं माझ्या मनातून केव्हा गेलं, ते कळलंही नाही.

याला चमत्कार म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. मी माझ्या दोन हातांत बळ मागत होते. देवाने आणखी हात पाठवले. मी तोवर शरण जाणं म्हणजे मुकाट्याने सोसणं समजत होते. आपल्याच्याने होत नाही, हे देवाला आणि माणसालाही सांगता येणं, हेही शरण जाणंच आहे. आता माझ्या हाताखाली नव्या मुली येतात. त्यांना मी कामाआधी एवढंच सांगते, “थकलीस की सांग गं. लपवू नकोस.” त्यातली एखादी खरंच येऊन सांगते, तेव्हा तिला झोपायला धाडून तिच्या खाटांकडे जाताना माझ्या तोंडी आपसूक नाम येतं.