धुरपताबाईंचा ढावलो

तांड्यात बोललं जातं की धुरपताबाईंच्या ओढणीच्या टोकाला कांदा बांधलेला असतो. नाहीतर दर लग्नात एवढं पाणी डोळ्यांत येतं कुठून? साफ खोटं. टोकाला असते तंबाखूची पुडी. बाई रडतात ते खरंखुरं, आणि नवरी जीपमध्ये बसली की पंगतीत बुंदी कमी का वाढली म्हणून भांडतात तेही खरंखुरं.

फुलसावंगीजवळच्या या बंजारा तांड्यात नवरी निघताना मायच्या गळ्यात पडून ढावलो गाते. रडत गायचं, गात रडायचं. लेकींना तो धुरपताबाई शिकवतात. यंदा पाळी पुष्पाची. दारात डीजे ठरलेला, पण तिला मायचा निरोप ढावल्यातच घ्यायचा होता. मनातलं असं मायशी ती कधी बोललीच नव्हती. शब्द पाठ झाले, सूरही बसला. डोळे मात्र ठणठणीत कोरडे.

"आजी, मले रडूच येऊन नाही राह्यलं."

"कसं येईन? एक डोळा त्या मोबाईलात! रडून राह्यली का रडनं पाहून राह्यली?"

पुष्पा समोर मोबाईल ठेवून स्वतःचंच रेकॉर्डिंग करायची. जरा गळा दाटला की तोंड कसं दिसतंय ते बघायची. झालं, गळा मोकळा.

तिचा भाऊ बादल यवतमाळला बीएस्सीला. तो म्हणाला, "आजी, आमच्या फिजिक्समधी याले पूरकता म्हंतात."

"लग्नात भाषणं ठोकतात तेच ना? नवरा गरम, बायको नरम, जोडा पूरक?"

"नाही वं. तिथं एकाचं उणं दुसरा भरते. इथं एकाच गोष्टीचे दोन रूपं. उजेड एका प्रयोगात लाटेवानी दिसते, दुसऱ्यात कणावानी. दोन्ही एकाच टायमाले पुरे दिसत नाहीत, अन् एक सोडलं तर उजेड पुरा समजत नाही."

धुरपताबाईंनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. "म्हंजे तुह्या उजेडालेबी रडता रडता मोबाईलात पाहता येत नाही."

"अगदी तसंच नाही, आजी..."

"अर्धं तरी हाय ना? बस."

मग शिकवणीचे दोन भाग झाले. भाकरी थापताना नुसते शब्द. ऐकायचं, चुकायचं, सुधारायचं, रडायचं नाव नाही. आणि लग्नाच्या दिवशी? "त्या दिवशी सोताले ऐकाचं नाही. मायले धराचं." मोबाईल त्यांनी काढूनच घेतला.

हे लिहिणारा तिथेच बसला होता. त्याने धुरपताबाईंशी पैज लावली, की पोरगी दुसऱ्या ओळीला अडकणार. हरल्यास, तांडाभर तो करत फिरतो ती बाईंची नक्कल महिनाभर बंद.

निघायची वेळ झाली, डीजे थांबला. पुष्पाने मायला मिठी मारली, "ये याडीऽ" अशी आईला हाक घातली आणि फुटलीच. हुंदक्यांवर हुंदके, आणि त्यांच्यावर स्वार होऊन अख्खा ढावलो. माय तिची पाठ चोळत राहिली.

जीपमध्ये बसताना पुष्पाने हळूच विचारलं, "आजी, म्हटला का मी? मले काहीच आठवून नाही राह्यलं."

"म्हटला बाई. तुह्या मायनं ऐकला."

जीप वळली. बाईंनी डोळे पुसले, बुंदीच्या दिशेने निघाल्या, अन् वाटेत हे लिहिणाऱ्यापाशी थांबून म्हणाल्या, "अन् तू बे! महिनाभर तोंड बंद."

तेव्हापासून बंद आहे. म्हणून तर हे लिहून काढावं लागलं.