गेलं दुकान

साताऱ्यात माझं पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. जागा भाड्याची, बाकी सगळं माझ्या हातचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जागेच्या मालकाशी पहिला दावा झाला, तेव्हा गावातलाच वकील दिला आणि न वाचता वकीलपत्रावर सही केली. त्या छापील कागदात एक ओळ असते, वकिलाला तडजोड करण्याचा अधिकार देणारी. तिच्या जोरावर त्यानं दुकानापुढची मोकळी जागा मालकाला देऊन टाकली. मला नंतर कळवलं, वर पेढे मागितले. तिथं आजही मालकाच्या मोटारसायकली लागतात. आजही त्या बघितल्या की माझं डोकं फिरतं.

पुढं मालकानं दुकानच मागितलं. मुलाला धंदा काढून द्यायचाय, जागा सोडा म्हणून दावा लावला. मी ठरवलं, आता वकीलपत्र कुणालाच द्यायचं नाही. स्वतः उभं राहायचं. पण कोर्टात लिहायचं काय आणि बोलायचं काय, हे कुठं येत होतं? साताऱ्यातले वकील सगळे एकमेकांच्या चहातले. एसटी पकडून सांगलीला गेलो, एका वकीलबाईंकडे.

"बाई, दाव्याचं उत्तर तुमी लिवा, काय विचारायचं ते शिकवा. सही माझी. कोर्टात मीच बोलणार."

"म्हणजे मी अर्धीच वकील?"

"अर्धीच. पुरा वकील एकदा करून बघितलाय."

बाई हसल्या नाहीत. "मग माझीही अट. शिकवीन तेवढंच विचारायचं. एक प्रश्न जास्त नाही."

मी एक तरी वाढवून मागितला. बाईंनी मान हलवली. आयुष्यात इतक्या लवकर मी कधी सौदा सोडला नव्हता.

उलटतपासणीची तालीम त्यांच्या ऑफिसातच व्हायची. बाई मालक व्हायच्या. खुर्चीत रेलून, पदर खोचून म्हणायच्या, "काय रं फिटर? पाने-हातोडी सोडून हिकडं कुठं?"

माझं टाळकं सरकायचं. "तुझ्या बापाची जागा हाय का रं ही?"

"हो, बापाचीच आहे," बाई आपल्या आवाजात म्हणायच्या. "गेलं दुकान."

बाईंनी मला तीनच प्रश्न शिकवले होते. एकदा मी ते तिन्ही नीट विचारले आणि वर आपलाच चौथा टाकला. "मग दुकान कुणासाठी मागताय?" बाईंनी लगेच पदर डोळ्याला लावला. "म्हातारा झालोय साहेब. पोरगं नोकरी सोडून यायचं म्हणतंय. जवळ असावं एवढीच इच्छा." मीच त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

"गेलं दुकान," बाई म्हणाल्या.

तारखेच्या दिवशी बाई सांगलीत आणि मी साताऱ्यात, एकटा. न्यायाधीशांनी विचारलं, "वकील का दिला नाही?"

"दिला होता साहेब. माझी जागा समोरच्याला देऊन आला."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मालक साक्षीला उभा राहिला.

"मुलगा कुठं असतो?" मी विचारलं.

"पुण्याला."

"काय करतो?"

"कंपनीत हाय. कायम झालाय," मालक छाती काढून म्हणाला.

"हे दुकान बघायला कधी आला होता?"

"त्याला कुठला येळ? आन तू कोण रं विचारणारा? आमच्या जिवावर मोठा झालेला तेलकट फिटर!"

न्यायाधीशांनी त्याला दटावलं. माझ्या कानशिलात इंजिन सुरू झालं होतं. मी कठडा धरला. माणूस कचाट्यात सापडला की आणखी आवळायचा, एवढ्यावर मी धंदा उभा केलेला. चौथा प्रश्न ओठावर होता.

"अजून काही?" न्यायाधीशांनी विचारलं.

मला बाईंनी डोळ्याला लावलेलं पदराचं टोक आठवलं.

"न्हाई साहेब," म्हणालो आणि बसलो. घरी जाईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होतो. निकाल लागेपर्यंत एक रात्र धड झोपलो नाही.

दुकान राहिलं. पेढे घेऊन सांगलीला गेलो. बाईंनी पेढा बाजूला ठेवला. "मालक अपील करणार. तिथं कायद्याचा कीस काढतात, तुमचे तीन प्रश्न पुरायचे नाहीत. आता मला उभं राहावं लागेल." त्यांनी कोरं वकीलपत्र पुढं सरकवलं.

मी खुर्चीत चुळबुळत राहिलो. उठलो, खिडकीशी गेलो, परत आलो. मग कागद पहिल्या शब्दापासून वाचला, तडजोडीची ओळ सापडली तिथं थांबलो आणि पेन मागितलं. ती ओळ आडवी खोडली, शेजारी सही केली, मग खाली सही केली.

बाईंनी खोडलेलं नीट बघितलं.

"घासाघीस सुटत नाही तुमची," त्या म्हणाल्या आणि पेढा तोंडात टाकला.