ड्रायव्हरच्या बाजूची सीट

लेकीला अठरा पूर्ण झाली आणि लगेच तिनं कारचं शिकाऊ लायसन काढलं. नियम साधा होता. गाडीला पुढंमागं लाल ‘एल’ चिकटवायचा आणि शेजारी पक्कं लायसन असलेलं माणूस बसवायचं. आमच्या घरात असं माणूस एकच, मी. नवरा नोकरीपायी परगावी, आणि त्याला गाडी येत नाही हे तो चारचौघांत कबूल करत नाही. मी मात्र रोज बीडहून गाडीनं शाळेत शिकवायला जाते. त्यामुळं हँडब्रेकजवळ हात ठेवून लेकीशेजारी बसायचं काम माझ्याकडं आलं.

त्या दिवशी आम्ही दोघी वडवणीला भावकीतल्या लग्नाला निघालो होतो. उसाचा हंगाम ऐन भरात होता, त्यामुळं रस्त्यावर कारखान्याकडं निघालेले ट्रॅक्टर आणि प्रत्येकामागं दोन-दोन ट्रॉल्या. मी लेकीला बजावलं होतं, ट्रॉलीमागं मुकाट राहायचं, मी ‘जा’ म्हटल्याशिवाय बाहेर काढायची नाही. ती ऐकत होती. बापावर गेली नाही, एवढं देवानं बरं केलं.

वाटेत गावच्या फाट्यावर आबा उभे होते. आबा म्हणजे माझे थोरले दीर, गावचे माजी सरपंच. त्यांची जीप बंद पडली होती आणि त्यांनाही त्याच लग्नाला जायचं होतं. त्यांनी हात केला, लेकीनं गाडी थांबवली. मी खाली उतरले, डोक्यावर पदर घेतला, पुढचं दार त्यांच्यासाठी धरलं आणि लेकीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. विचार करायला वेळ लागला नाही, कारण विचार केलाच नाही. थोरला दीर मागं आणि धाकट्या भावाची बायको पुढं, असं आमच्याकडं बैलगाडीतसुद्धा कुणी बसलं नसेल. दार लागलं आणि मग मला आठवलं. आबांनी जन्मभर ड्रायव्हर ठेवला होता. त्यांनी स्टेअरिंगला कधी हात लावलेला नव्हता.

“आबा, पुढं मम्मीला बसावं लागतंय. तसा नियम हाय,” लेक हळूच म्हणाली.

“मी बसलोय की. या रस्त्यावर आपली गाडी कोण अडवतंय? चल.”

गाडी निघाली. थोड्याच वेळात पुढं ट्रॅक्टर आला. दोन्ही ट्रॉल्यांतून ऊस बाहेर आलेला, आणि टेपवर गाणी एवढी मोठ्यानं की मागं हॉर्न वाजवून उपयोग नाही. लेक मागं राहिली. आबांची चुळबूळ सुरू झाली.

“कावून मागं राहिलीस? अक्षता पडतील तिकडं. काढ बाहेर.”

तिनं आरशात माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. पण आबांच्या पुढ्यात तोंडातून शब्द फुटेना. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. मला भीती वाटत होती आणि स्वतःच्या पदराचा राग येत होता. दोन सीटांच्या मधून हात पुढं घालून पाहिला, हँडब्रेक लांबच राहिला.

“काढ म्हणतो ना! रस्ता मोकळा हाय!”

आबा डाव्या बाजूला बसले होते. तिथून त्यांना उसाशिवाय काहीच दिसत नव्हतं. पण मोठ्या माणसानं मोकळा म्हटलं म्हणजे मोकळा, असंच आम्ही त्या पोरीला वाढवलं होतं. तिनं गाडी उजवीकडं काढली.

मी काचेला गाल लावून पुढं पाहिलं. समोरून एसटी येत होती.

“ब्रेक! मागं घे! मागं!” मी किंचाळले. आबांच्या कानाशी, पदर खांद्यावर पडलेला.

तिनं ब्रेक दाबला. ट्रॉल्या पुढं सरकल्या, गाडी त्यांच्यामागं आली, आणि एसटी हॉर्न वाजवत आरशाला चाटून गेली. ऊस बॉनेटला घासला. लेकीनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

मग ती म्हणाली, “आबा, तुमच्याकडं लायसन हाय का?”

“न्हाई.”

“मग तुमी मागं बसा.”

तोवर पंचायतीतसुद्धा त्यांना असं कुणी बोललं नसेल. मी खाली बघत राहिले. जीभ सवयीनं ‘असू द्या’ म्हणायला निघाली होती, ती मी दातांखाली धरली. आबा उतरले. मागचं दार त्यांनी स्वतः उघडलं. मी पुढं गेले आणि हँडब्रेकवर हात ठेवला.

वडवणीत मांडवाच्या दारात माणसं आबांचीच वाट बघत होती. दोघं-तिघं फेटे सावरत लगबगीनं आले आणि नेहमीसारखं गाडीचं पुढचं दार उघडून वाकले. आत मी होते.

“आबा मागं हायेत,” मी म्हणाले. “आधी तिला गाडी नीट लावू द्या.” आणि दार ओढून घेतलं.