टोपीवरचा बोलका डबा

आत्या निवृत्त होईपर्यंत लोकांचे दात काढत होती. मग तिनं आतोबांना ओढतच गोल्फच्या मैदानावर नेलं आणि दोघांनाही खेळाचं वेड लागलं. पण आत्याला लांबचं नीट दिसत नाही. चेंडू घालायच्या भोकातला झेंडा किती दूर आहे याचा अंदाज चुकायचा आणि चेंडू भलतीकडेच जायचा. म्हणून अंतर सांगणारं यंत्र घ्यायला दोघं मैदानालगतच्या दुकानात गेली.

दुकानदारानं आधी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "यातले आकडे मुंगीएवढे आहेत हो," आत्या म्हणाली. मग त्यानं दुर्बीण दिली. तिच्यातून झेंड्यावर नेम धरायचा होता. आत्यानं तो धरला माळ्याच्या लाल टोपीवर. शेवटी त्यानं टोपीला अडकवायचा एक छोटा डबा काढला. बटण दाबलं की तो जीपीएसवरून झेंड्यापर्यंतचं अंतर मोजून चक्क बोलून दाखवायचा.

"हाच द्या!" आत्या हरखली.

"काय म्हणाला तो डबा?" आतोबांनी विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं.

दुकानदार ओशाळला. "मग साहेबांसाठी ते आकड्यांचं घड्याळ वेगळं घ्या ना."

"कशाला? डबा मला सांगेल, मी यांना सांगेन. लग्नापासून सगळं जग मीच यांना ओरडून सांगतेय."

एवढं मात्र आतोबांना नीट ऐकू आलं. ते खो खो हसले.

त्या रविवारी डबा बोलला आणि आत्या जोरात ओरडली, "एकशे वीस!" आतोबांचा चेंडू थेट झेंड्याजवळ जाऊन पडला. पलीकडे खेळणारा एक अनोळखी माणूस हात हलवत म्हणाला, "ताई, आता माझंही सांगा की!"