अनुकंपेची खाकी

"इसको सुंघाओ. इसके बाप की नाक बड़ी तेज थी. खून में होगी."

साहेब असं बोलला आणि सगळे हसले. कुंडमकडच्या एका टोल्यावर, म्हणजे आदिवासी पाड्यावर, एका गोंड म्हातारीच्या अंगणात आम्ही उभे होतो. मी आबकारी खात्यातली शिपाई. साहेबानं माझ्या हातात मोहाच्या दारूचं मडकं दिलं होतं.

माझे बाबा याच खात्यात चपराशी होते. धाडीत पकडलेली दारू ऑफिसात आली की साहेबलोक त्यांना बोलवायचे. डोळ्यांवर रुमाल बांधायचे. आधी हुंगवायचे, मग घोट पाजायचे. कोणती दारू ते ओळख म्हणायचे. बरोबर आलं की टाळ्या. ते झिंगत घरी आले की आई विचारायची, "काहून पिऊन येता हो?"

"साहेबाले नाही कसं म्हणू?"

पुढे तो खेळ थांबला. बाबांचं पिणं थांबलं नाही. सरकारी दवाखान्यात वारले, पोट फुगून, पिवळे पडून. त्यांच्या जागेवर मला लावलं. अनुकंपा नियुक्ती म्हणतात. अनुकंपा!

मडकं नाकाशी नेलं नव्हतं तरी वास आला. बाबांच्या शर्टाचा वास.

म्हातारीनं हात जोडले. "बेटी, लड़का चला गया मेरा. उसी के क्रियाकरम की है. पुरखों को चढ़ानी है."

आदिवासींना घरापुरती दारू काढायची कायद्यानं सूट आहे. साहेबाला ते माहीत होतं. पण वर केसेस दाखवायच्या होत्या. शहरातल्या ठेकेदारांना कोण हात लावणार? जुगाराच्या फडांवर दारू पुरवणाऱ्यांना कोण? ते तर साहेबासोबत क्लबात पैसे लावून पत्ते खेळतात. म्हातारी सापडते. म्हातारी कुठं पळणार?

"सूंघ. फिर फोड़ दे."

मी मडकं म्हातारीच्या उंबऱ्याशी ठेवलं. हळू. सांडू दिलं नाही.

"नहीं सूंघूंगी, सर. फोड़ूंगी भी नहीं. मेरे बाप को आप लोगों ने बहुत सुंघा लिया."

कोणी हसलं नाही.

मडकं साहेबानं दुसऱ्या शिपायाकडून फोडवलं. म्हातारी ओल्या मातीवर हात फिरवत बसली, लेकराच्या पाठीवर फिरवावा तसा. तिचं मी काहीच वाचवू शकले नाही. जीपमध्ये बसल्यावर रडले. सगळ्यांसमोर.

आता माझी चौकशी लागली आहे. वरिष्ठांची आज्ञा मोडली म्हणून. ऑफिसातले समजावून राहिले, "माफी मांग लो दीदी, बात खतम." आईही तेच म्हणते. तिला माझा पगार जाण्याची नाही, मी एकटी पडण्याची भीती वाटते. मी तिच्याजवळ बसते, तिचे पाय दाबते. हो म्हणत नाही.

माफी मागणार नाही. चौकशीत त्या अंगणाचं सांगीन. मग बाबांचं सांगीन. रुमाल कोणी बांधला, घोट कोणी पाजला, टाळ्या कोणी वाजवल्या. एकेकाचं नाव घेऊन. खाकी उतरवायची असेल तर त्यानंतर उतरवा.