आईसाठी खाल्लेली जांभळं

हातगाडीवरच्या जांभळांचा वास आला की फरीदाबादच्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. आईला रक्ताचा कॅन्सर झाला होता आणि केमोनं तिचं तोंड आतून सोलून निघालं होतं. पाणीसुद्धा झोंबायचं, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी तिला बर्फाचे बारीक खडे चोखायला द्यायचे. त्या दुपारी बाबा सवयीनं तिची आवडती जांभळं घेऊन आले, आणि दारातच चूक लक्षात येऊन पुडा पाठीमागे लपवू लागले. "अहो, लपवताय काय? ही खाईल, मी बघेन," आई म्हणाली. मी मीठ लावून एक तोंडात टाकलं. "कसं आहे?" "गोड आहे, पण थोडं कसैला." दिल्लीकडेच वाढलेल्या मला दुसरा शब्द सुचेना. "तुरट म्हण गं, तुरट!" आई खळखळून हसली, कळ आली तसा तिनं गाल दाबून धरला, तरी हसतच राहिली. मग म्हणाली, "अजून एक खा. सावकाश." मी खात राहिले आणि ती बर्फ चोखत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात ती नव्हती. आता जांभळं खाताना समोर कुणी तसं बघत बसत नाही, आणि मी ती भराभर संपवून टाकते.